नऊ ग्रॅमचा तुकडा: भोसरी ते गान्झोऊ

१३ ऑक्टोबर २०२५, सोमवार. भोसरी

निघण्याआधी सकाळी वर्कशॉपला गेलो. कपाटाच्या खालच्या कप्प्यात मॅग्नेटचे तीन खोके उरले होते. मेस्त्रींनी वरच्या खोक्यावर खडूने ४१२ लिहून ठेवलं होतं. एका मोटरला चार तुकडे लागतात, म्हणजे १०३ मोटरी. त्यापुढे काम नाही.

एमआयडीसीतलं आमचं युनिट लहान आहे, मेस्त्री धरून चौदा माणसं. विजेवर चालणाऱ्या तीनचाकींच्या कूलिंग पंपाला जी मोटर लागते, ती आम्ही बनवतो. वाइंडिंग, म्हणजे तार गुंडाळणं, इथलं, शाफ्ट इथला, बॅलन्सिंगही इथलंच. बाहेरून येतो तो फक्त रोटरवर, म्हणजे मोटरीच्या फिरत्या भागावर, चिकटवायचा मॅग्नेट. निओडिमियम, लोखंड आणि बोरॉनची ही नऊ ग्रॅमची कमान. पंपापाशी उष्णता फार, त्यामुळे साधा ग्रेड चालत नाही. १५० अंशांपर्यंत टिकणारा 'एसएच' लागतो. हा टिकाव येतो त्यात मिसळलेल्या चिमूटभर डिस्प्रोसियममुळे.

ट्रम्प यांनी २ एप्रिलला साऱ्या जगावर आयात शुल्क जाहीर केलं. दोनच दिवसांनी, ४ एप्रिलला, चीनने सात दुर्मीळ मूलद्रव्यांच्या (रेअर अर्थ्स) निर्यातीसाठी परवाना सक्तीचा केला. डिस्प्रोसियम त्या सातांत आहे. नियम एकट्या अमेरिकेसाठी नव्हता, सगळ्या देशांना सारखा लागू झाला. तेव्हापासून आम्ही कागद गोळा करतोय. माल कशात वापरणार, संरक्षणाच्या कामाला लावणार नाही, पुढे अमेरिकेला पाठवणार नाही, असं सगळं लिहून द्यायचं, त्यावर एकामागून एक शिक्के घ्यायचे. मे महिन्यात अर्ज गेला. ऑगस्टमध्ये चीनचे परराष्ट्रमंत्री वांग यी दिल्लीत येऊन गेले. खतं, बोगदे खणणारी यंत्रं आणि दुर्मीळ मूलद्रव्यं या तिन्हींबाबत त्यांनी आश्वासन दिल्याची बातमी वाचली तेव्हा वर्कशॉपमध्ये पेढे आणले होते. परवाना अजून आलेला नाही.

माझी भाची पुण्यात चिनी भाषा शिकली आणि आता भाषांतराचं काम करते. "मामा, फोनवर ते फक्त थांबा म्हणतात. समोर जाऊन बसलं तर काय ते कळेल," असं तिनेच सुचवलं. दक्षिण चीनमधल्या ग्वांगझूच्या कँटन फेअर या व्यापारी प्रदर्शनाचा पहिला टप्पा १५ तारखेला सुरू होतोय, यंत्रं आणि विजेच्या सामानाचा. तिथून पुढे गान्झोऊ, जिथे आमच्या पुरवठादाराचा कारखाना आहे.

२०२० पासून बंद पडलेली भारत-चीन थेट विमानं २६ ऑक्टोबरला पुन्हा सुरू होणार आहेत. आम्ही त्याआधी निघालोय, त्यामुळे रात्रीच्या विमानाने हाँगकाँगमार्गे.

१४ ऑक्टोबर, मंगळवार. हाँगकाँग, ग्वांगझू

हाँगकाँग फक्त खिडकीतून पाहिलं. विमानतळावरून थेट वेस्ट काउलून स्टेशन. या स्टेशनच्या आतच चीनची हद्द आहे. जमिनीवर एक रेषा आखलेली आहे आणि ती ओलांडली की हाँगकाँगचा कायदा मागे राहतो. २०१८ मध्ये ही व्यवस्था झाली तेव्हा इथल्या लोकांनी विरोध केला होता. त्यानंतर २०१९ ची प्रचंड आंदोलनं, आणि ३० जून २०२० चा राष्ट्रीय सुरक्षा कायदा. आज रेषेच्या दोन्ही बाजूंना रांग मुकाट्याने पुढे सरकत होती. भाचीने रेषेच्या अलीकडेच मला सांगितलं, "मामा, इथून पुढे चॅटवर राजकारणाचं काही लिहू नका. तुमचं काही बिघडणार नाही कदाचित, पण आपल्याशी बोलणाऱ्या माणसांना त्रास नको." हे वाक्य मी पुढचा आठवडाभर पाळलं. इथे जी माणसं येतील त्यांची नावं, गाळे, कारखाने मी लिहीत नाही, त्याचं कारण तेच.

तासाभरात ग्वांगझू साउथ. गाडीत शेजारच्या माणसाच्या फोनवर बातमी दिसली: आजपासून अमेरिका चिनी जहाजांकडून आणि चीन अमेरिकी जहाजांकडून बंदरात जादा शुल्क घेणार. पाच दिवसांपूर्वी, ९ तारखेला, चीनने दुर्मीळ मूलद्रव्यांच्या यादीत आणखी पाच नावं घातली होती. शिवाय परदेशात बनलेल्या वस्तूतही अशा चिनी मालाची किंमत एकूण किमतीच्या ०.१ टक्क्यावर गेली, तर तिलाही परवाना लागेल, असं जाहीर केलं होतं. दुसऱ्या दिवशी ट्रम्प यांनी १ नोव्हेंबरपासून आणखी १०० टक्के शुल्काची धमकी दिली. आम्ही अगदी या धुमश्चक्रीत येऊन पोचलो होतो.

१५ ऑक्टोबर, बुधवार. ग्वांगझू

मोती नदीच्या काठावर पाझोऊला हे प्रदर्शन भरतं. यंदाचं १३८ वं. सुरुवात १९५७ ची, जेव्हा अमेरिकेने चीनशी व्यापार बंद ठेवला होता आणि नव्या कम्युनिस्ट राजवटीला परकीय चलनाची नितांत गरज होती. तेव्हापासून वर्षातून दोनदा, वसंतात आणि शरदात. यंदा ३२ हजारांहून जास्त कंपन्यांचे गाळे आहेत. आकडा ऐकून काही कळत नाही. सकाळी नऊला आत शिरून दुपारी एकपर्यंत चाललो आणि मोटरींचा एक विभागसुद्धा पुरा झाला नाही, तेव्हा कळलं.

मॅग्नेटच्या पहिल्याच गाळ्यावर मी खिशातून आमचा तुकडा काढून टेबलावर ठेवला. समोरच्या तरुणाने उचलला, बोटात फिरवला आणि विचारलं, "एसएच?" मी हो म्हटलं. त्याने तो अलगद परत माझ्या हातात दिला. "एन-३५ हा साधा ग्रेड हवा असेल तर पंधरा दिवसांत पाठवतो. याला परवाना." पुढचे सहा गाळे, सहा वेळा हेच.

आठव्या गाळ्यावर जे ऐकलं ते मात्र नवीन होतं. तिथल्या बाई अनुभवी होत्या, आमचं ड्रॉइंग नीट पाहून म्हणाल्या, "तुकडा कशाला नेता? पूर्ण मोटर न्या. मोटरला परवाना लागत नाही." आणि त्यांनी टेबलाखालून जवळपास आमच्याच मापाची मोटर काढून समोर ठेवली. फिनिश सुंदर. भाव आमच्या उत्पादनखर्चापेक्षा पावणेदोनशे रुपयांनी कमी.

मी ती मोटर हातात घेऊन कितीतरी वेळ बसलो. आत तेच मॅग्नेट होते, तेच डिस्प्रोसियम. सुटा तुकडा असेल तर शिक्के, हमीपत्रं, महिनोन्महिने वाट. तोच तुकडा रोटरला चिकटून, त्याभोवती त्यांच्या कामगाराने गुंडाळलेली तार घेऊन आला की वाट मोकळी. म्हणजे अडवलं जातंय ते फक्त मूलद्रव्य नाही. आमच्याकडे वाइंडिंगच्या टेबलावर बसणाऱ्या पाच बायका, बॅलन्सिंगवरचा पोरगा, मेस्त्री, यांचं काम अडवलं जातंय. मोटर विकत घेऊन त्यावर आमचं लेबल लावलं तर माझा धंदा चालू राहील. चौदा माणसांपैकी तिघं पुरतील.

वर्तमानपत्रांत या धोरणाला सूडाचं हत्यार म्हणतात. ते आहेच. पण गाळ्यावर बसून जे दिसलं ते त्याहून खोल आहे. कच्चा माल बाहेर जाऊ नये, शेवटची वस्तू जावी आणि मधलं सगळं काम आपल्या माणसांच्या हाताला मिळावं, हा त्यांचा चाळीस वर्षांचा हिशोब आहे.

दुपारी जेवणाच्या हॉलमध्ये एक वयस्कर जपानी खरेदीदार आमच्या टेबलाशी येऊन बसले. भाची त्यांच्याशी चिनीतून बोलली. २०१० च्या सप्टेंबरात, चीन आणि जपान दोघंही हक्क सांगतात त्या सेनकाकू बेटांपाशी चिनी मासेमारी बोट जपानी गस्ती नौकांवर आदळली, जपानने बोटीच्या कप्तानाला धरलं, आणि पाठोपाठ दुर्मीळ मूलद्रव्यांची जपानकडे जाणारी जहाजं थांबली. त्यांना ते दिवस लख्ख आठवत होते. प्रकरण जागतिक व्यापार संघटनेत गेलं, २०१४ मध्ये निकाल चीनच्या विरुद्ध लागला, निर्यातीची कोटा पद्धत रद्द झाली. पण जपानने निकालाची वाट पाहिली नाही. ऑस्ट्रेलियातल्या, दुर्मीळ मूलद्रव्यं काढणाऱ्या लायनस कंपनीत पैसे घातले, कमी डिस्प्रोसियमच्या मोटरी काढल्या, साठे केले. "पंधरा वर्षं झाली," ते म्हणाले, "आणि मी अजून इथेच येतो. पण आता मी घाबरलेला नसतो."

१६ ऑक्टोबर, गुरुवार. ग्वांगझू

प्रदर्शनाचा दुसरा दिवस बराचसा कोरडा गेला. लेथवर लागणाऱ्या टंगस्टन कार्बाइड टिप्सचे भाव विचारले, तेही चढलेले. टंगस्टनवरही फेब्रुवारीपासून निर्यात नियंत्रण आहे.

लुधियानाचे एक सरदारजी भेटले, सायकलच्या सामानाचे व्यापारी. बोलता बोलता विषय गलवानवर गेला. १५ जून २०२० ची ती रात्र, आपले वीस जवान. त्या आठवड्यात आमच्या इंडस्ट्रियल इस्टेटच्या फाटकावर 'चिनी माल बंद' असा फलक लागला होता. त्याखाली उभं राहून मीही घोषणा दिली होती आणि मनापासून दिली होती. त्यानंतर ५९ ॲप बंद झाली, चिनी गुंतवणुकीला सरकारी मंजुरी सक्तीची झाली होतीच. पण २०१९-२० मध्ये चीनशी आपली व्यापारातली तूट साधारण ४९ अब्ज डॉलर होती, ती २०२४-२५ मध्ये ९९ अब्जांवर गेली. फलक लावणारे आणि माल मागवणारे आम्हीच. सरदारजी म्हणाले, "राग खरा था जी, तैयारी नहीं थी." मी त्यावर काही बोलू शकलो नाही.

संध्याकाळी शामियान बेटावर गेलो. मोठी झाडं, युरोपी पद्धतीच्या इमारती, फोटो काढणारी नवी जोडपी. दुसऱ्या अफू युद्धानंतर ब्रिटिश आणि फ्रेंचांनी हा भाग घेतला. त्याआधी जवळच नदीकाठी परदेशी व्यापाऱ्यांच्या वखारी होत्या. १७५७ पासून १८४२ पर्यंत पाश्चात्त्य जगाला समुद्रमार्गे चीनशी व्यापार करायला हे एकच दार होतं. आणि त्या वखारींत मुंबईची माणसं होती. माळव्यातली अफू आणि पश्चिम भारतातला कापूस मुंबई बंदरातून इथे यायचा. सर जमशेटजी जीजीभॉय तरुणपणी अनेकदा इथे येऊन गेले. त्यांच्या संपत्तीचा मोठा भाग याच व्यापारातला. भायखळ्याच्या ज्या जे. जे. रुग्णालयात माझ्या आईचं ऑपरेशन झालं, त्याच्या पायात या नदीवरचा पैसा आहे. १८३९ च्या जूनमध्ये चिनी सम्राटाचे आयुक्त लिन झश्यू यांनी हुमेनला २० हजारांवर पेट्या अफू चुन्याच्या पाण्यात विरघळवून नष्ट केली, त्यांतल्या कितीतरी पेट्या मुंबईहून निघालेल्या असणार.

भाचीने सांगितलं की चिनी मुलांच्या इतिहासाच्या पुस्तकात आधुनिक काळ इथूनच सुरू होतो. 'शंभर वर्षांचा अपमान' हा तिथला घराघरांतला शब्द आहे. बंदुकीच्या धाकाने आपल्याला काय विकत घ्यायचं ते सांगितलं गेलं, ही आठवण कम्युनिस्ट पक्षाने जिवंत ठेवली आणि वापरलीही. आता काय विकायचं आणि कोणाला, हे आम्ही ठरवू, या भाषेमागे ती आठवण आहे. मला ती समजते. नदीकडे पाहत असताना थोडी लाजही वाटली. पण ज्यांच्या पोटावर आज पाय येतोय त्या वाइंडिंगच्या बायकांनी कोणाला अफू विकली नव्हती. अपमानाची भरपाई त्यांच्याकडून घेणं मला मान्य नाही.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार. शेन्झेन

घरी आज वसुबारस. बायकोने फोनवर अंगणातली रांगोळी दाखवली.

गान्झोऊची गाडी उद्या शेन्झेन नॉर्थहून. म्हणून एक दिवस इथे. लियानहुआ टेकडीवर डेंग श्यावफिंग यांचा पुतळा आहे, चालत निघालेला, कोट वाऱ्यावर. १९८० मध्ये त्यांनी इथे विशेष आर्थिक क्षेत्र काढलं आणि १९९२ च्या दक्षिण दौऱ्यात पुन्हा येऊन सुधारणांना रेटा दिला. मध्यपूर्वेकडे तेल आहे, चीनकडे दुर्मीळ मूलद्रव्यं आहेत, हे त्यांचं प्रसिद्ध विधान त्याच दौऱ्यातलं मानतात. पुतळ्याखाली उभं राहून शहर पाहिलं तर डोळे दिपतात. इथल्या सगळ्या सिटी बस २०१७ पासून विजेवर आहेत, त्यामुळे एवढ्या गर्दीच्या रस्त्यावर आवाज कसला नाही.

टॅक्सी चालवणारा माणूस चाळिशीचा. आधी डोंगग्वानला चार्जरच्या कारखान्यात सुपरवायझर होता. ऑर्डरी अमेरिकेच्या होत्या, त्या आटल्या. फ्लॅटसाठी आगाऊ पैसे भरले, इमारत बाराव्या मजल्यावर थांबली. एव्हरग्रांड या याच शहरातल्या अवाढव्य बांधकाम कंपनीच्या दिवाळखोरीनंतर अशा अर्धवट इमारती देशभर उभ्या आहेत. त्या कंपनीचे शेअर गेल्या ऑगस्टमध्ये हाँगकाँगच्या बाजारातून काढून टाकले गेले. टॅक्सीवाल्याचा मुलगा पदवी घेऊन घरी बसलाय. ऑगस्टमध्ये शहरांतल्या १६ ते २४ वयाच्या, शिक्षण न घेणाऱ्या मुलांमधली बेरोजगारी १८.९ टक्के होती, हा सरकारी आकडा आहे.

'नेइज्वान' हा शब्द त्याने तीनदा वापरला. भाचीने समजावलं: आतल्या आत पिळत जाणं. दहा कारखाने तीच वस्तू करतात, एकाने भाव उतरवला की दुसऱ्याने उतरवायचा, कामाचे तास वाढवायचे, आणि शेवटी कोणाच्याच हाती काही उरत नाही. आता सरकारनेच या जीवघेण्या स्पर्धेविरुद्ध मोहीम काढली आहे. मला परवाच्या त्या मोटरीचा भाव आठवला. पावणेदोनशे रुपयांनी स्वस्त असण्याची किंमत कोणीतरी इथेही मोजत असणार.

रात्री हॉटेलच्या टीव्हीवर बातमी: नऊ बड्या लष्करी अधिकाऱ्यांना पक्षातून काढलं. त्यांत केंद्रीय लष्करी आयोगाचे उपाध्यक्ष हअ वेइडोंग. सोमवारपासून बीजिंगमध्ये केंद्रीय समितीचं चौथं अधिवेशन आहे, पंधराव्या पंचवार्षिक योजनेसाठी. बातमी दोन-तीन मिनिटांत संपली आणि हवामान सुरू झालं. खाली काउंटरवर दोघंजण तीच बातमी पाहत उभे होते. कोणी एक शब्द बोललं नाही.

१८ ऑक्टोबर, शनिवार. गान्झोऊला

दोन तासांचा प्रवास, २०२१ च्या डिसेंबरात सुरू झालेली रेल्वे. ग्वांगडोंग संपून ज्यांगशी प्रांत लागला तशा लालसर मातीच्या टेकड्या सुरू झाल्या. कोकणातल्या जांभ्याची आठवण यावी असा रंग. त्यांवर संत्र्याच्या बागा, दूरपर्यंत ओळीच ओळी. या भागातली नाभीसंत्री देशभर प्रसिद्ध आहेत.

मधे लाँगनान गेलं. याच टेकड्यांच्या मातीत १९६० च्या दशकाच्या शेवटी जड दुर्मीळ मूलद्रव्यं सापडली. खडक फोडायचा नाही, मातीलाच चिकटलेली. टेकडीच्या माथ्याला भोकं पाडायची, अमोनियम सल्फेटचं पाणी ओतायचं, पायथ्याशी झिरपून आलेलं द्रावण गोळा करायचं. काम सोपं, म्हणून परवानगी नसलेलेही शेकडो लोक त्यात उतरले. झाडं गेली, माती वाहून गेली, विहिरींत अमोनिया उतरला. २०१२ मध्ये सरकारनेच अंदाज दिला की एकट्या गान्झोऊ भागातली साफसफाई करायला ३,८०० कोटी युआन लागतील. आपल्याला तो तुकडा स्वस्तात मिळायचा, तेव्हा ही रक्कम बिलात कुठेच नव्हती. पुढे इथल्या खाणींवर कडक बंधनं आली आणि उपसा सीमेपलीकडे म्यानमारच्या काचीन राज्यात सरकला. आज तिथल्या टेकड्यांची तीच दशा चालू आहे, आणि वर लढाईही.

स्टेशनवर पुरवठादाराची विक्री विभागातली मुलगी घ्यायला आली होती. तीन वर्षं फक्त चॅटवर बोलत होतो. तिने भाचीला मिठी मारली आणि मला दोन्ही हातांनी संत्र्यांची पिशवी दिली. मी घरून आणलेल्या चकल्यांचा डबा तिला दिला.

१९ ऑक्टोबर, रविवार. गान्झोऊ

रविवार असूनही व्यवस्थापक आमच्यासाठी कारखान्यात आले. साठीच्या आसपासचे, सावकाश बोलणारे. भट्टीचा विभाग दाखवता येणार नाही, हे त्यांनी आधीच सांगितलं आणि माफी मागितली. जेवढं काचेतून दिसलं ते असं: मिश्रधातूची पूड हवेशी संबंध येऊ न देता दाबतात, दाबतानाच चुंबकीय क्षेत्रात तिचे कण एका दिशेला लावतात, मग हजार अंशांवर भाजतात. डिस्प्रोसियम आता अख्ख्या मिश्रणात घालत नाहीत. तयार तुकड्यावर लेप देऊन पुन्हा तापवतात, म्हणजे ते कणांच्या सीमांवरून आत झिरपतं. कमी मालात तेच काम.

चहाला बसल्यावर मी सरळ विचारलं, "आमचा परवाना कधी येईल?"

त्यांनी कपाट उघडून फायलींची चळत दाखवली. युरोपच्या, कोरियाच्या, भारताच्या. "हे सगळे थांबलेत. तुमचा एकट्याचा नाही. माझ्याही दोन भट्ट्या बंद आहेत." भाची भाषांतर करत होती, पण त्यांचा चेहरा पाहून मला अर्थ आधीच कळला होता. समोरच्या बाजूलाही धास्तावलेला कारखानदार बसलेला असेल, हे मी भोसरीत बसून कधी मनात आणलं नव्हतं.

मग मी दुसरा प्रश्न विचारला. तुम्ही पुण्याजवळ छोटा कारखाना काढा, जागा मी शोधतो, माणसं आम्ही देतो. ते बराच वेळ गप्प राहिले. दुर्मीळ मूलद्रव्यांचे मॅग्नेट बनवण्याचं तंत्रज्ञान देशाबाहेर नेण्यावर डिसेंबर २०२३ पासून बंदी आहे. शुद्धीकरणाच्या तंत्रावर त्याच्याही आधीपासून. "माल परवान्याने जाईल एखादे दिवशी," ते म्हणाले, "विद्या नाही जाणार."

ती विद्या कशी उभी राहिली, हे मात्र त्यांनी मोकळेपणाने सांगितलं. दुर्मीळ मूलद्रव्यं खरं म्हणजे जमिनीत तेवढी दुर्मीळ नसतात. ती एकमेकांपासून वेगळी करणं महाकठीण, कारण रासायनिकदृष्ट्या सगळी भावंडं सारखी. एका टाकीत द्रावण घुसळायचं, निवू द्यायचं, पुढच्या टाकीत सोडायचं, अशा शेकडो टाक्या. पेकिंग विद्यापीठातले रसायनशास्त्रज्ञ श्यू ग्वांगश्यान यांनी १९७० च्या दशकात या टाक्यांची साखळी कशी बांधायची याचं गणित मांडलं आणि कारखान्यातल्या लोकांना ते शिकवलं. व्यवस्थापकांचे वडील अशाच एका टाक्यांच्या हॉलमध्ये होते. श्यू यांचं नाव घेताना ते खुर्चीत सरळ बसले. पुढे १९८६ मध्ये राष्ट्रीय संशोधन योजना आली. अमेरिकेत जनरल मोटर्सने उभा केलेला मॅग्नेटचा व्यवसाय १९९५ मध्ये चिनी भागीदारांनी विकत घेतला आणि काही वर्षांत इंडियानातला कारखाना बंद होऊन चीनमध्ये आला. २०१९ च्या मे महिन्यात, व्यापारयुद्ध पेटलेलं असताना, शी जिनपिंग गान्झोऊला येऊन इथला एक मॅग्नेटचा कारखाना पाहून गेले. सोबत अमेरिकेशी वाटाघाटी करणारे ल्यू हअ होते. त्या भेटीचा अर्थ साऱ्या जगाने तेव्हाच वाचायला हवा होता.

हे ऐकताना मला आपलं आठवत होतं आणि त्रास होत होता. इंडियन रेअर अर्थ्स ही आपली सरकारी कंपनी १९५० ची. केरळमध्ये अलुव्याचा कारखाना १९५२ चा, म्हणजे श्यू यांच्या गणिताच्या वीस वर्षं आधीचा. केरळ, तमिळनाडू, ओडिशाच्या किनाऱ्यांवर मोनाझाइटची, म्हणजे दुर्मीळ मूलद्रव्यं असलेल्या खनिजाची, वाळू आहे. साठ्यात आपला जगात तिसरा क्रमांक लागतो. त्यात डिस्प्रोसियमसारखी जड मूलद्रव्यं कमी, हे खरं. पण निओडिमियम आहे. आणि २०२४ मधलं उत्पादन? चीन २ लाख ७० हजार टन, आपण २,९०० टन. ज्या काळात त्यांनी टाक्यांमागून टाक्या बांधल्या त्या काळात आपण वाळूपाशीच थांबलो. बाहेर स्वस्त मिळतंय तर कशाला, हे उत्तर वर दिल्लीत दिलं गेलं तसं खाली माझ्या वर्कशॉपमध्ये मीही दिलं. २०१६ मध्ये चाकणचे एक इंजिनिअर फेराइटच्या, म्हणजे दुर्मीळ मूलद्रव्यं न लागणाऱ्या, मॅग्नेटवर चालणारं डिझाइन घेऊन आले होते. मी त्यांना चहा पाजून परत पाठवलं होतं.

निघताना व्यवस्थापकांनी एका कागदावर तीन ओळी लिहून दिल्या. डिस्प्रोसियमशिवायचा 'एच' ग्रेड, १२० अंशांपर्यंत, परवाना नको. "पंपाला थोडं जास्त थंड ठेवा, हा चालेल. आणि दुसरं काही जमत असेल तर तेही करून बघा." स्वतःचं गिऱ्हाईक कमी होईल असा सल्ला त्यांनी दिला, हे मी विसरणार नाही.

संध्याकाळी जुन्या गावात. सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या सोंग राजवटीच्या काळातली तटबंदी अजून उभी आहे आणि त्याच काळातली गटारं अजून पावसाचं पाणी वाहून नेतात. झांग आणि गोंग या दोन नद्या मिळून इथे गान नदी होते. गोंगवर सुमारे शंभर लाकडी होड्या साखळीने बांधून केलेला तरंगता पूल आहे, तोही सोंग काळापासूनचा. पायाखाली फळ्या हलतात. सायकलवाले, भाजीच्या टोपल्या घेतलेल्या बायका, शाळेची मुलं, सगळे त्यावरून जातात. विक्रीवाली मुलगी इथल्याच जिल्ह्यातली, यूदूची. १९३४ च्या ऑक्टोबरात, याच दिवसांत, कम्युनिस्टांची लाल सेना यूदूची नदी ओलांडून लाँग मार्चला, माघारीच्या त्या प्रचंड पायपिटीला, निघाली. पूल बांधायला गावकऱ्यांनी घरांची दारं काढून दिली, हे तिथे प्रत्येक मुलाला ठाऊक असतं. शी यांनी २०१९ मध्ये यूदूलाच जाऊन नव्या लाँग मार्चची भाषा केली होती.

"तुझ्या घरच्यांनी दार दिलं होतं?" भाचीने विचारलं.

ती हसली. "आजी म्हणायची दिलं होतं. आणि म्हणायची, ते परत नाही आलं."

२०-२१ ऑक्टोबर. परत

सोमवारी पहाटे घरी अभ्यंगस्नान चालू असेल तेव्हा आम्ही गाडीत होतो. शेन्झेन, हाँगकाँग, आणि रात्रीचं विमान. मंगळवारी लक्ष्मीपूजनाला वर्कशॉपमध्ये पोचलो. मशीन पुसून हळदीकुंकू लावलेलं, झेंडूचे हार. मेस्त्रींनी खडूचा आकडा पुसून नवीन लिहिला होता: २८०.

पूजा झाल्यावर मी गाळ्यावरची मोटर कशी होती ते सगळ्यांना सांगितलं. भावही सांगितला. वाइंडिंगच्या टेबलावरच्या वहिनी म्हणाल्या, "म्हणजे आमची गरज नाही?" मी व्यवस्थापकांचा कागद मेस्त्रींच्या हातात दिला आणि चाकणच्या त्या इंजिनिअरांना फोन लावला. नंबर नऊ वर्षांत बदलला नव्हता.

नोव्हेंबर अखेर

३० ऑक्टोबरला ट्रम्प आणि शी दक्षिण कोरियात बुसानला भेटले. ९ ऑक्टोबरची नियंत्रणं चीनने वर्षभर स्थगित केली. एप्रिलची सात मूलद्रव्यं मात्र परवान्याखालीच आहेत. काही भारतीय कंपन्यांना परवाने मिळाल्याचं आपल्या परराष्ट्र खात्याने सांगितलं. त्यांत आम्ही नाही. २६ नोव्हेंबरला केंद्राने देशात वर्षाला ६,००० टन मॅग्नेट बनवण्यासाठी ७,२८० कोटी रुपयांची योजना मंजूर केली. ते कारखाने उभे राहायला वेळ लागेल.

फेराइटचा पहिला रोटर मेस्त्रींनी परवा चढवला. फेराइटचं क्षेत्र निओडिमियमच्या तिसऱ्या हिश्श्याएवढं, त्यामुळे रोटर जाड झाला, बॉडी अकरा मिलिमीटरने वाढली, वाइंडिंग नव्याने बसवावं लागलं. वहिनींनी तीनदा उकलून चौथ्यांदा गुंडाळलं. काल टेस्ट बेंचवर चार तास चालवला. १३८ अंशांवर टॉर्क टिकला. पंपवाल्यांना अकरा मिलिमीटर चालतील का, हे विचारायला मी उद्या चाकणला जातोय.